दामिनीचे डोळे आणि केसरबाईंचं नाव

केसरबाई कळंबे पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आल्या त्या एका सव्वीस जानेवारीला. पांढुर्ण्याच्या शाळेच्या पटांगणात मुलं रांगा लावत होती, मास्तर अजून शिट्टी शोधत होते, आणि कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून आवाज आला, "उभी राय! हालू नको म्हंतो ना!" सगळ्या रांगा जागच्या जागी ताठ झाल्या. हार घेऊन फोटोकडे निघालेले मुख्याध्यापकही थांबले. माना वळवून पाहिलं तर रस्त्यात एक ठेंगणी बाई म्हशीच्या दाव्याला लोंबकळत होती. म्हैस मात्र चालतच होती.

असा आवाज कोणी जन्माला येताना आणत नाही. केसरबाईंचे यजमान केशवराव कानानं मंद होते, आणि तिगावकडच्या आपल्या संत्र्याच्या बागेत ते नेमके कोणत्या झाडामागे बसलेत हे कधी दिसत नसे. केसरबाईंनी त्यांना जन्मभर जेवायला हाका मारल्या, त्यात आवाज तयार झाला. केशवराव गेले, आवाज राहिला. बाईंच्या मनात कोणाविषयी काही वाईट नसे. पण त्यांनी "बस, चहा घे" म्हटलं तरी नवखा माणूस दचकून उभाच राही.

त्यांच्या मुलाचं, राजूचं लग्न रामाकोन्याच्या दामिनीशी झालं. दामिनी इतकी हळू बोले की तिचं वाक्य संपलं हे तिचे ओठ मिटल्यावर कळे. ती ओसरीत शिलाई मशीन टाकून ब्लाऊज शिवू लागली. हात सफाईचा होता, त्यामुळे सकाळपासून गल्लीतल्या बाया ओसरीत बसलेल्या असत. सासू आतून ओरडे, सून बाहेर कुजबुजे आणि दोघींचं छान चाललं होतं. हे शेवटचं वाक्य गावात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं.

लग्नाला काही वर्षं झाली तेव्हा दामिनीला थकवा येऊ लागला. डाव्या बरगडीखाली कोणी वरवंटा ठेवल्यासारखं जड वाटे. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं, कागद दोनदा वाचला आणि नागपूरला जायला सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आणखी तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं, की हा रक्ताचा कॅन्सर आहे, पण हळू चालणारा. रोज एक गोळी घ्यायची, जेवण झाल्यावर, मोठ्या गिलासभर पाण्यासोबत. एक दिवस चुकवायची नाही. दर तीन महिन्यांनी रक्तात आजार किती उरला, तो आकडा पाहायचा. असे लोक गोळी घेत घेत आपापली कामं करत वर्षानुवर्षं जगतात.

"मंग बरी होईन का पोरगी?" केसरबाईंनी विचारलं.

"बरी राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

होण्यात आणि राहण्यात काय फरक असेल, याचा विचार केसरबाईंनी परतीच्या गाडीत काटोल येईपर्यंत केला. नरखेडला सोडून दिला. तिथंच दामिनी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, कोणाले सांगू नका."

"कायले?"

"रामाकोन्याले माझ्या मामाले झाला होता. लोकं त्याच्या घरचं पाणी पेत नव्हते. माझ्याकडं ब्लाऊज कोण टाकन? माप द्यायलेबी जवळ नाई येनार बाया."

"नाई सांगत!" केसरबाई म्हणाल्या. अख्ख्या डब्यानं वळून पाहिलं.

"काय नाई सांगत, मावशी?" समोरच्या बाकावरच्या माणसानं कुतूहलानं विचारलं.

"जे नाई सांगत, तेच."

शब्द दिला गेला. आता फक्त पाळायचा होता.

गोळी सुरू झाली. आकडा उतरू लागला आणि दामिनीचे डोळे सुजू लागले. औषधाचा तो नेहमीचा परिणाम आहे असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. सकाळी उठली की पापण्या फुगलेल्या, डोळ्यांखाली पिशव्या, डोळ्यांच्या कडांना पाणी. रात्रभर उशीत तोंड खुपसून रडलेल्या बाईचे असतात तसे हुबेहूब. दुपारपर्यंत सूज थोडी उतरे, पण ब्लाऊजवाल्या बाया सकाळीच येत.

"दामिनी, काय झालं वो? रडली का?" उर्मिलानं विचारलं. उर्मिलाचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं आणि गल्लीत येणारी बातमी तिच्याच दारावरून पुढे जाई.

"नाई वो. झोप नाई झाली."

लग्न झालेल्या बायांना या उत्तराचा एकच अर्थ माहीत असतो.

त्यातच दामिनीला मळमळू लागलं, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, आणि तिनं कोणाला न सांगता अधूनमधून गोळी बुडवायला सुरुवात केली. पुढच्या खेपेला आकडा जिथं यायला हवा होता तिथं आलेला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, दामिनीनं शांतपणे कबूल केलं. गोळ्या अशा बुडत राहिल्या तर आजार दबत नाही आणि पुढे हीच गोळी लागू पडेनाशी होऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. दामिनीनं मान हलवली. केसरबाईंनी मान हलवली नाही. त्यांनी त्या दिवसापासून गोळीचं खातं स्वतःकडे घेतलं.

रोज दुपारी जेवणं झाली की त्या सुनेसमोर उभ्या राहत. भिंतीपलीकडे जयवंताबाईंचं घर होतं. जयवंताबाई मनानं चांगल्या होत्या. भिंतीला कान लावायची सवय त्यांना नव्हती, आणि केसरबाईंच्या बाबतीत तशी गरजही नव्हती. त्यांना आपल्या पाटावर बसून रोज ऐकू येई:

"गिळ! गिळलं का? तोंड उघड! दाखव मले! जीभ वर कर! गिलास खाली कर, थेंब ठेवू नको!"

दामिनी जे बोले ते भिंत ओलांडत नसे.

काही महिन्यांनी आणखी एक गोष्ट झाली. त्या गोळीनं काहींची कातडी उजळते, तशी दामिनीची उजळली. सावळी दामिनी गव्हाळ झाली, गव्हाळची गोरी व्हायला लागली. सुरुवातीला बाया क्रीमचं नाव विचारत. दामिनी म्हणे, काहीच लावत नाही. मग उर्मिलानं त्याचाही उलगडा केला. "घराच्या बाहेर पडू देत नसन म्हातारी. ऊनच नाई लागलं तं पोरगी गोरी नाई होनार का?"

आता पुराव्यात काही कमी राहिलं नव्हतं. दामिनीचा धंदा मात्र वाढला. तिची खबर घ्यायला म्हणून बाया नको असलेले ब्लाऊजही शिवायला टाकू लागल्या.

गल्लीत बायांचं भजनी मंडळ होतं, दर गुरुवारी बसे. केसरबाई त्यात पहिल्यापासून. पेटीवाली बाई नसली तर सूर त्यांच्यावरच धरत, कारण दुसरं काही ऐकूच येत नसे. एका गुरुवारी भजन संपल्यावर जयवंताबाई आणि आणखी दोघी त्यांच्या मागोमाग घरी आल्या. पाणी झालं, चहा झाला.

"केसरबाई, राग नका येऊ देऊ," जयवंताबाई म्हणाल्या. "जमाना बदलला आता. सुनेले लेकीवानी वागवा."

"वागवतो."

"मंग ते तोंड उघड, दाखव मले, ते काय असते रोज?"

केसरबाईंना खोटं बोलायचा सराव नव्हता. त्यांनी आढ्याकडे पाहिलं. "दात पाहतो मी तिचे."

"दात?"

"कीड लागली हाये."

"रोज पाहता?"

"रोज पाह्यलं तरच समजते ना, किती पुढं गेली."

तिघी उठून गेल्या. दारात जयवंताबाई दुसरीला म्हणाल्या, की गुरंही बाजारात एकदाच दात पाहून घेतात.

इथवर केसरबाईंनी सगळं निभावलं. पण त्याच साली त्यांच्या मुलीच्या, डिंपलच्या लग्नाची बोलणी सौंसरच्या एका घराशी चालू होती. घर चांगलं होतं, मुलगा सोसायटीत नोकरीला होता. त्या लोकांनी रीतीप्रमाणे पांढुर्ण्यात चौकशी केली. चौकशीला ते उर्मिलाच्याच दारात थांबले, कारण ती गल्लीच्या तोंडाशी राहत होती. आठवड्यानं मध्यस्थाचा निरोप आला. मुलगी पसंत होती, मायचा स्वभाव पसंत नव्हता. जी बाई सुनेला रोज रडवते तिच्या लेकीनं घरात काय पाहिलं असेल, असं मुलाच्या आईचं म्हणणं होतं.

डिंपल म्हणाली, "मलेही नाईच आवडला होता. बोलता बोलता तीनदा थुकून आला."

पण केसरबाई त्या दिवशी अर्धी भाकर खाऊन उठल्या. लोक आपल्याला वाईट म्हणतात हे त्यांनी आतापर्यंत पावसापाण्यासारखं घेतलं होतं. ते लेकीपर्यंत पोचेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"माय, सांगून टाकू लोकायले," राजू म्हणाला.

"शब्द देला हाये."

"मंग गोळी बदलून माग. डोळे नाई सुजत अशीबी असन एखादी."

तीन महिने भरलेच होते. सासू-सून नागपूरला गेल्या. आकडा चांगला उतरलेला होता, डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. केसरबाईंनी गोळी बदलून द्या म्हटलं, तेव्हा त्यांनी दामिनीकडे पाहिलं. "काय त्रास होतो?"

"मले नाई होत," दामिनी म्हणाली. "आईले होऊन राह्यला."

"काकू, तुम्हाला काय होतं?"

"लोकं बोलतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं. मग केसरबाईंनी डोळ्यांपासून सौंसरपर्यंत सगळं सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनीही ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की गोळ्या दुसऱ्याही आहेत. एक आहे ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते, उपाशीपोटी. आधी दोन तास आणि नंतर एक तास तोंडात काही घालायचं नाही, आणि तिनं साखर वाढू शकते. दामिनीच्या वडिलांना साखरेचा आजार होता, म्हणून ती गोळी त्या आपणहून दिली नसती. दुसरी एक रोज एकदाच घ्यायची, पण तिनं काहींच्या छातीत पाणी साठतं. डोळ्यांची सूज दिसायला वाईट, धोक्याची नाही. मीठ कमी करा, उशी उंच घ्या. आणि कधी काळी, आकडा बरीच वर्षं तळाला राहिला तर, गोळी थांबवून पाहायचा विचार करता येतो. आज नाही.

"दुसरी द्या मॅडम," दामिनी म्हणाली. "चालन मले. उपाशी राहीन मी."

केसरबाईंनी विचारलं, "तिनं हिचा आकडा असाच उतरन?"

"बहुतेक. पण खात्रीनं कोणी सांगू शकत नाही. या गोळीचं आपल्याला दिसतंय."

केसरबाईंनी पदर सावरला. "मंग हेच राहू द्या."

"आई, पन डिंपलचं..."

"डिंपलचं मी पाहीन. तू गिळ!"

बाहेर आल्या तेव्हा बाकावरच्या एका बाईनं दामिनीसाठी सरकून जागा केली आणि केसरबाईंसाठी केली नाही.

डिंपलचं लग्न पुढच्या वर्षी मुलताईकडच्या मुलाशी झालं. त्या लोकांना घाई होती, चौकशीला वेळ नव्हता. गल्लीचं मत मात्र बदललं नाही. भजनी मंडळातून केसरबाईंना कोणी काढलं नाही. फक्त गुरुवारची जागा कोणाकडे ठरली हे त्यांना कळवायचं सगळ्यांच्याच लक्षातून जाऊ लागलं. मग त्या गुरुवारी घरी राहू लागल्या. तांदूळ निवडत. गुरुवारी त्यांच्या घरचे तांदूळ फार स्वच्छ असत.

अशी बरीच वर्षं गेली. रक्तातला आकडा इतका खाली गेला की मशीनला सापडेना, आणि सापडेनासाच राहिला. मग एका खेपेला डॉक्टरीणबाईंनी स्वतःच विषय काढला. थांबवून पाहायचं का? जवळजवळ निम्म्या लोकांत आजार परत डोकं काढतो, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. परत आला तर गोळी परत सुरू, आणि ती बहुतेकांना पुन्हा लागू पडते. थांबवलंच पाहिजे असं नाही. दोन्ही वाटा बरोबर आहेत.

दोन्ही वाटा बरोबर असल्या की घरात भांडण होतं. केसरबाई म्हणाल्या, चांगलं चाललं आहे तर कशाला हात लावायचा. राजू म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा, आणि बागेत निघून गेला. दामिनीनं दोन दिवस काज-बटनं केली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, मले थांबवून पाहाचं हाये. गोळीविना मी कशी असतो, ते मीच विसरलो."

गोळी थांबली. काही आठवडे दामिनीचे सांधे दुखले, मग तेही थांबलं. डोळे उतरले. मूळचा सावळा रंग हळूहळू परत आला. दुपारची आरडाओरड बंद झाली.

गल्लीनं हे सगळं पाहिलं आणि निष्कर्ष काढला की केसरबाई सुधारली. श्रेय जयवंताबाईंनी घेतलं. "मी बोललो होतो ना त्यायले. उशिरा का होईना, पटलं," त्या सांगत. पोरगी आता उन्हातही फिरते, हे उर्मिलानं रंगावरून सिद्ध केलं. एका गुरुवारी जयवंताबाई स्वतः बोलवायला आल्या. केसरबाई गेल्या. मंडळानं त्यांना पुढे, पेटीशेजारी बसवलं. सुधारलेल्या माणसाशी लोक वागतात तसं सगळे गोड वागत होते. केसरबाईंनी ते गोड मानून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नवं लुगडं भजनाला नेसलं. घरी येऊन त्या दामिनीला कोण काय म्हणालं ते सगळं सांगत, आणि दामिनी मशीन थांबवून ऐके.

पाचव्या महिन्यात आकडा परत दिसला. पुढच्या तपासणीत आणखी वर.

डॉक्टरीणबाई घाबरल्या नाहीत. होतं असं काहींचं, म्हणाल्या. आता उशीर न करता गोळी सुरू करू. जुनी हवी की दुसरी, हे दामिनीनं ठरवायचं. जुनी लागू पडते हे माहीत होतं आणि तिच्याबरोबर काय काय येतं हेही माहीत होतं.

केसरबाईंना पेटीशेजारची जागा दिसत होती. दुसरी घे, असं तोंडापर्यंत आलं होतं आणि ते त्यांनी तिथंच धरून ठेवलं. एवढा वेळ गप्प बसलेल्या सासूकडे दामिनीनं एकदा नीट पाहिलं.

"जुनीच द्या, मॅडम," ती म्हणाली. "बाकीचं मी पाहतो."

पुढच्या गुरुवारी दामिनी सासूबरोबर भजनाला गेली. डोळे पुन्हा फुगले होते, आणि त्या दोघी दारातून आत आल्या तेव्हाच बायांनी एकमेकींकडे पाहिलं. आरती झाली. दामिनी उठून उभी राहिली. तिचा आवाज पोचावा म्हणून पंखा बंद करावा लागला.

"मले रक्ताचा कॅन्सर हाये," ती म्हणाली. "कित्येक वर्षं झाले. गोळी खातो, तिनं डोळे सुजतात. रंगबी तिनंच बदलते. आईनं मले कधी रडवलं नाई. मी बुडवतो म्हणून त्या गोळी गिळवतात."

केसरबाई सतरंजीकडे पाहत होत्या.

मग जयवंताबाईंनी हळूच विचारलं, "केसरबाई, हे बोलायले तुम्ही शिकवलं का हिले?"

"नाई!" केसरबाई म्हणाल्या. पेटीवालीनं कानांवर हात ठेवले.

"कॅन्सरवाले असे राहतात का?" उर्मिला म्हणाली. "केस पाहा हिचे. कमरेपर्यंत हायेत."

दामिनीनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. ती हातोहात फिरली.

"हे दाताचं असन," मागून कोणी तरी म्हणालं. "केसरबाईनंच सांगतलं होतं ना, कीड लागली म्हणून."

निम्म्या बायांना पटलं, निम्म्यांना नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उर्मिला दोन ब्लाऊज घेऊन ओसरीत आली. मागे सरली नाही, माप देताना उलट जास्तच जवळ आली आणि कानात म्हणाली, "खरं सांग मले एकटीले. कॅन्सर हाये, का म्हातारीनं बोलायले लावलं?"

"हाये वो."

"खा माझी शपथ."

"तुझी शपथ."

उर्मिलानं मशीनजवळचा तांब्या उचलला, घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, मागचा गळा जरा खोल ठेव.

बातमीचं पुढे जे व्हायचं ते झालं. चक्कीवर केसरबाईंनी स्वतःच्या कानानं ऐकलं, की आधी बिचारीला रडवत होती, आता तिच्याच तोंडून तिला कॅन्सर झाल्याचं वदवून घेते. त्यांनी दळण घेतलं, घरी आल्या आणि शब्दन् शब्द दामिनीला सांगितला. दामिनी इतकी हसली की सुईतला दोरा निघाला. मोठ्यानं हसली. भिंतीपलीकडे जयवंताबाईंनी ते ऐकलं आणि पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असं त्यांना वाटलं.

जुन्या गोळीनं आकडा पुन्हा उतरला. पुन्हा थांबवायचं की नाही हे पुढे कधी तरी पाहू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत. दामिनीला घाई नाही. केसरबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, तिचं तिला ठरवू द्या.

केसरबाई गुरुवारी भजनाला जातात आणि पेटीशेजारी नाही, मधल्या रांगेत बसतात. दर तीन महिन्यांनी त्या दामिनीबरोबर नागपूरला जातात. गाडीत त्यांना खिडकीची जागा लागते.